दौलतमामाचं हेड अन् कौसीबाईचा काटा

अड्याळपासून पवनीपर्यंत बोल्ट कसन्यात माहा हात धरनारा मानूस अजून जन्माले आला नाई. माह्या हातून जितके बोल्ट तुटले, तितके बाकीच्यायले जन्मभर कसताबी आले नाई.

मी राइस मिलमधी हमाल. धानाचा कट्टा पाठीवर घेतो अन् थप्पीवर असा फेकतो का पाहनारा म्हनते, हा मानूस नाई, बैल हाये. मले ते तारीफ वाटते. शाळेचं म्हनाल तं मी गेलो होतो. पाटी घरी राहिली म्हनून मास्तरनं आनाले पाठवलं, मंग मी तिकडंच राहिलो. म्हनून मले कोनी "कस" म्हनलं का मी कसतो. कुठं थांबाचं ते बोल्टच सांगते, कट्कन आवाज करून. सायकलचे, नांगराचे, हापशीचे, सारे बोल्ट माह्याशी बोलले हायेत. अन् एकदाच बोलले.

मले थांबाले शिकवाचा परयत्न या जगात एकाच मानसानं केला. दौलतमामानं.

दौलतमामा आमच्या आसगावचा पोस्टमन. माहा सख्खा मामा नोय, अख्ख्या मोहल्ल्याचा मामा. उंच, वाळला, पऱ्हाटीच्या काडीसारखा. मिशीले काळा रंग, डोक्याले इतकं खोबऱ्याचं तेल का उनात उभा राहिला तं कपाळावर चमके. रिटायर झाला तरी खाकी पँट सोडली नाई. म्हने, कापड अजून नोकरीत हाये. पन मामाची खरी ओळख टपालाची नोयच, तबल्याची. हिवाळ्यात आमच्या झाडीपट्टीत गावोगाव नाटक लागते, अन् आमच्या मंडळाचा तबला मामाकडं. मामा सोताले लहान समजनाऱ्यायतला नोता. "भंडारा जिल्ह्यात माह्यासारखा तबलजी नाई," असं थो सोताच सांगे. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तवा लोकायनं इचारलं, "का मामा, जिल्हा तं आता अर्धा झाला, तुमचा नंबर कितवा?"

मामा म्हने, "आता तं भांडनच मिटलं. माह्या बरोबरीचा एक होता, थो गोंदियाकडं गेला."

बाकी लोकायच्या खिशात पेन राहते, मामाच्या खिशात तबल्याची हातोडी. लहानशी, पितळेची. दिसन त्या वस्तूले थो ठोकून पाहे अन् कान लावे. बाजारात मडकं घेतलं का टुक. टरबूज घेतलं का टुक. पोरीसाठी स्थळ पाहाले गेला तं त्यायच्या घरच्या दरवाजाले टुक. म्हने, लाकूड पोकळ हाये, मानसंबी तशीच असतीन. अन् खरंच ते स्थळ पुढं पोकळच निंगालं. एकदा चहाच्या टपरीवर सर्व्यायसमोर माह्या डोक्यावर टुक केलं अन् डोये मिटून म्हने, "नामा, आत सामान ठेवाले लय जागा हाये." लोक हासले. मीबी हासलो. मले वाटलं, जागा असनं चांगलंच असते.

मामाच्या नाटकात मलेबी काम भेटलं होतं एकदा. शिपायाचं. येऊन मराचं अन् मरता मरता "महाराज, किल्ला पडला" म्हनाचं. दुपारी शाळेच्या वऱ्हांड्यात तालीम होती. मी आलो, छातीले हात लावला, धाडकन पडलो. तोंड उघडतो तं मामानं हात वर केला. तबला उतरला म्हने. अन् बसला ठोकत. मी फरशीवर अर्धा मेलेला. इकडं टुक, तिकडं टुक. मुंग्या आल्या, माह्या कानात शिराले लागल्या. मी म्हनलं, "मामा, आता मरू द्या ना."

"थांब," मामा म्हने. "तू बेसूर मेला तं लोक हासतीन."

तवा पडल्या पडल्या मी पाह्यलं, मामा कसा ठोकते ते. तबल्याचं कातडं चारी बाजूनं वादीनं बांधलं राहते. एका बाजूले ठोकलं का ते बाजू चढते, अन् समोरची रुसते. म्हनून मामा अथी एक टुक मारे, मंग बरोब्बर त्याच्या समोर एक टुक. मंग आडव्या बाजूले, मंग त्याच्या समोर. जोर एकदम नाई लावाचा. पयला फेरा हलका, दुसरा जरासा भारी, तिसऱ्यात सूर. मी इचारलं, एकाच बाजूले चांगला दनका द्या ना, लवकर होते. मामानं माह्याकडं असं पाह्यलं का मी खरोखरच मेलो.

"एकाले कसलं का समोरच्याले इचाराव, नामा," म्हने. "थो का म्हनते ते ऐकाव, मंग पुढं जाव. अन् पयले बसू द्याव त्याले. बसल्याबिगर कसू नाई."

हे मामाचं सर्व्याच गोष्टीले लागू होतं. मोहल्ल्यात दोघं भाऊ शेताच्या धुऱ्यावरून भांडले, कुऱ्हाडी निंगाल्या. लोक मामाले घेऊन आले. मामानं दोघायले समोरासमोर बाजेवर बसवलं, पानी देल्लं. मंग मोठ्याले म्हने, "तू जरा जास्त बोलला." इतकंच. लहान्याकडं वळला, "तूबी जरासा सरकला धुऱ्यावर." मंग परत मोठा, जरासा जोरानं. परत लहाना, तितक्याच जोरानं. अशा फेऱ्यायनं दोघायलेबी इतकं कसलं का शेवटी दोघंही रडाले लागले अन् एकमेकाचे डोये पुसाले लागले. बाहेर येऊन मामा मले म्हने, "पाह्यलं? एकालेच पयले पूरा झाडला असता तं दुसरा हासला असता, अन् पयल्यानं घरी जाऊन कुऱ्हाड घासली असती."

मी म्हनलं, "मी असतो तं दोघायच्या एकेक कानाखाली देल्ली असती."

"म्हनूनच तुले बोलवलं नाई," मामा म्हने.

रिटायर झाल्यावर मामानं एक जीप घेतली. कोन्या तरी सरकारी खात्याच्या लिलावातली. रंग कोनता म्हनाल तं सांगता येत नाई, जथी पत्रा होता तथी पत्र्याचा, जथी गंज होता तथी गंजाचा. पन मामा तिच्यावर फिदा. जन्मभर सायकलनं लोकायचे कागद वाह्यले, आता लोकायलेच वाहीन म्हने. वत्सलामामीले, म्हनजे मामाच्या बायकोले, ते जीप पयल्या दिवसापासून पटली नाई. मामी तोंडाची लय सरळ. आलेल्या पाव्हन्याले सांगे, "या, बसा. हत्ती मेला हाये आंगनात, त्याच्या बाजूनं या."

अन् जीप खरोखरच मेली. चढावर गेली का इंजिन उकळे, मागून पांढरा धूर. तेल पाह्यलं तं दुधाच्या चहासारखं, म्हनजे तेलात पानी जाऊन राहिलं होतं. आता जे लोक माह्यासारखे हायेत त्यायच्यासाठी सांगतो. इंजिनाले एक धड राहते अन् वरतं एक लोखंडाचं डोकं, त्याले हेड म्हनते. दोघायच्या मधात एक पातळ चकती, गॅसकेट. हेड बोल्टायनं दाबून बसवते. दाब सारखा अन् पूरा बसला नाई का गॅसकेट जयते, अन् पानी, तेल, धूर सारे एकमेकाच्या घरी जाते. शहरातल्या एका गॅरेजवाल्यानं दोनदा गॅसकेट टाकलं, दोनदा जयलं. तवा मामा म्हने, "आता मीच उघडतो. घरी. आंगनात."

मामी दारातच उभी होती. म्हने, "उघडा. पन ऐकून घ्या. दसऱ्याच्या पाठी लवकर पिकनारा हलका धान घरी येते, मले आंगन पायजे. दसऱ्याच्या दिवशी हे गाडी आपल्या पायानं बाहेर गेली तं गेली. नाई तं दुसऱ्या दिवशी कबाडीवाला येते. म्या त्याले सांगून ठेवलं."

मामाले मागं सरकाले जागाच नोती, कारन त्यानं मोहल्ल्यातल्या बुड्यायले शब्द देल्ला होता, का यंदा दसऱ्याले नागपूरले दीक्षाभूमीवर मी नेतो, माह्या जीपमधी, बसून. बुड्या दरवर्षी ट्रकात उभ्या राहून जात, एकमेकीले धरून. यंदा त्या पांढरी लुगडी धुऊन, घडी करून उशाखाली ठेवून बसल्या होत्या. रोज एक बुडी येऊन जीपकडं पाहून जाये, दवाखान्यात पेशंटले पाहाले येते तशी. मामा तोंडानं "होते, होते" म्हने. पन त्याच्या मिशीले मुळातून पांढरं दिसाले लागलं, अन् तवा मले समजलं का मामा घाबरला. रंग लावाले जो मानूस इसरत नाई थो इसरला होता.

भंडाऱ्याच्या एका मिस्त्रीजवळ बोल्ट मोजून कसाचा पाना होता. मामा मांगाले गेला. त्यानं पाना देल्ला नाई, पन इमानदारीनं सांगतलं, "पान्याले मीटरभर नळी लावा. नळीच्या टोकाले नऊ किलोचा ताण द्या. तितकाच, ना कमी ना जास्त. मधातल्या बोल्टापासून सुरू करा, समोरासमोर बाहेर या."

मामा घरी येऊन म्हने, "नामा, हा तं तबलाच हाये! फकस्त हातोडीच्या जागी किलो हाये."

"मंग किलो मोजाले का?"

"काटा."

काटा म्हनजे कौसीबाई. कौसीबाई ढिवराची, तलावातली मासोळी घेऊन अड्याळच्या बाजारात बसे. तिच्याजवळ घड्याळासारखा गोल, वरतं कडी अन् खालतं हूक असलेला, लटकता काटा. आवाज असा का बाजाराच्या या टोकाले भाव सांगतला तं त्या टोकाले मांजर उठून बसे. मामानं काटा मांगितला तं म्हने, "काटा माह्या हातातून सुटत नाई, मामा. नवरा सुटला तरी काटा सुटनार नाई. मीच येतो संग."

तशी कौसीबाई, तिची टोपली, तिचा काटा, अन् मासोळीचा वास, सारं मामाच्या आंगनात आलं. पाहाले मोहल्ला जमला. बुड्या भितीले टेकून बसल्या.

हेड मामानं उघडूनच ठेवलं होतं. मले पयले कामाले लावलं ते पुसाच्या. बोल्ट जथी जाते ते छेद, एकेक, काडीले फडकं बांधून कोरडे कराचे. मी म्हनलं, "मामा, बोल्ट कसला का आतलं पानी सोताच निंगन ना बाहेर."

"कुठून निंगन? तुह्या तोंडातून?" मामा म्हने. "छेदात पानी राहिलं का बोल्ट पान्यावर टेकते. तुले वाटते कसला, अन् थो आत पोहून राहिला असते."

मंग नवं गॅसकेट ठेवलं, हेड ठेवलं, बोल्टायच्या आट्यायले तेलाचं बोट लावलं अन् बोल्ट हातानंच फिरवले. मी नळी घेऊन धावलो. मामानं माह्या बोटायवर हातोडी ठेवली, मारली नाई, ठेवली. "बसू दे त्यायले आधी."

बसले. नळीच्या टोकाले हूक अडकवला, काट्याच्या कडीले मी धरलं, कौसीबाई तबकडीवर डोये लावून उभी. मामा बोट दाखवे, हा, आता समोरचा, आता हा. मी वढो. कौसीबाई वरडे. पयल्या फेऱ्याले मामानं तीन किलो सांगतलं.

"दोन... अडीच... अजून एक शेपटी टाक... तीन! झाले! पुढचं गिऱ्हाईक!"

दुसरा फेरा सहाचा. मले जोर येऊन राहिला होता, दंड फुगले होते, मोहल्ला पाहून राहिला होता. कौसीबाई म्हने, "ए बैला, हळू. सहाच्या वरतं गेला तं वरचे पैसे तूच देजो." तिसरा फेरा नऊचा. शेवटच्या बोल्टाले "नऊ! बांधून दे!" म्हनली अन् बुड्यायनं टाळ्या वाजवल्या. मी अंगावरचा बनियान वर करून घाम पुसला. मले वाटलं टाळ्या मले हायेत.

जीप सुरू केली. सुरू झाली! पयल्याच झटक्यात. धूर नाई. मामानं डोये मिटले अन् इंजिनाच्या तालावर मान हलवाले लागला. मी मामीकडं पाह्यलं, मामी आंगनाकडं पाहून राहिली होती.

मंग इंजिन तापलं. हेडच्या कडंले एक बुडबुडा आला. लहानसा, मासोळी तोंड उघडते तसा. मंग दुसरा. मंग पान्याची एक बारीक रेघ इंजिनाच्या अंगावरून खालतं आली.

मामानं चाबी बंद केली. मामी म्हने, "कबाडीवाल्याले दसऱ्याच्या दुसऱ्या सकाळचीच येळ देल्ली हाये." रागानं नोती म्हनली. तेच वाईट होतं. दसरा परवावर होता. एक बुडी उठली, लुगडं झटकलं अन् घराकडं निंगाली. तिच्या मागं दुसरी.

मी म्हनलं, "मामा, कायले घाबरता? काटा सोडा. सर्व्या बोल्टायले एकेक चक्कर मी मारतो. पूरा जोर लावतो."

"तू जोर लावला का बोल्ट मरते," मामा म्हने. "अन् बोल्ट हेडात मेला तं मंग कबाडीवालाच डॉक्टर."

थो बोनटले टेकून उभा राहिला. इंजिन थंडं होईस्तोवर हलला नाई. मंग खिशातून हातोडी काढली. वाकला, पयल्या बोल्टाजवळ कान नेला. टुक. दुसऱ्याले, टुक. आंगनात कोंबडीबी गप बसली. सारे बोल्ट ऐकले, मंग परत एकदा सारे. मी मनात म्हनलं, आता सांगन, नामानं एक जास्त कसला, नामानं एक ढिला सोडला.

मामा सरळ झाला. "सारे एका सुरात हायेत," म्हने. "नामा, तुही चूक नाई."

जन्मात पयल्यांदा कोनी मले असं म्हनलं होतं. मी मागं वळून पाह्यलं, अजून कोनी नामा उभा हाये का.

"पन सारेच उतरलेले हायेत," मामा म्हने. "एकबी बेसूर नाई, अख्खा तबलाच खाली हाये. नऊ किलोत असा सूर निंगूच शकत नाई."

अन् मामा काट्याकडं पाहाले लागला. जवळ गेला. हातोडीनं तबकडीले हळूच, टुक.

कौसीबाई कोंबडीकडं पाहाले लागली. "माह्याकडं काहून पाह्यता?"

"तुह्याकडं कुठं पाह्यलं? काट्याकडं पाह्यलं."

"काट्याकडं काहून पाह्यता?"

मामानं पुढं काईच इचारलं नाई. आंगनात सारी कौसीबाईची गिऱ्हाईकं उभी होती, अख्खा मोहल्ला तिच्याकडून मासोळी घेऊन राहिला होता. मामा एक शब्द बोलला असता तं तिचा धंदा तिथंच बसला असता. पन थो फकस्त म्हने, "कौसी, मले या गाडीचा सूर पायजे, दुसरं काई नाई पायजे. तूच सांग. नऊ पुरे का?"

कौसीबाईनं पदराचं टोक बोटाले गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. जीपकडं पाह्यलं. भितीले टेकून राहिलेल्या बुड्यायकडं पाह्यलं. मंग आयुष्यात पयल्यांदा हळू आवाजात म्हने, "मामा, बारा करा."

"बारा काहून?"

"करा म्हनलं ना बारा! मोठा मासा हाये समजा!"

इकडं मामी दारातून पुढं आली. मामी हिशोबाले पक्की. "थांब कौसे," म्हने. "काट्यावर बारा तवा खरे नऊ? म्हनजे किलोत पाव किलो हवाच? म्हनजे इतकी वर्सं माह्या घरी पाऊन किलोच मासोळी येऊन राहिली?"

"अन् तू वरून दरवेळी दोन मासे उचलून टाकते पिशवीत, 'हे पोरायले' म्हनून, ते? तुही पोरं नागपूरले नोकरीले लागली, बाई, अन् मासे अजून पोरायलेच चालले!" कौसीबाईचा आवाज परत आला होता. "तुमी भाव करून करून मले तलावाच्या खालतं नेता. मंग काटा वरतं जाईन नाई तं का करन? घ्या, बाजारातले सारे काटे आना अथी. माह्यापेक्षा खरा निंगाला तं माही टोपली घेऊन जा!"

क्षणभर वाटलं आता झटापट होते. मंग भितीजवळची एक बुडी फसकन हासली. मंग सारा मोहल्ला. मामीबी. ते हासली तं जीपवरचा गंज झडला म्हना ना. जे बुडी घराकडं निंगाली होती ते परत येऊन बसली अन् इचाराले लागली, का झालं, का झालं.

मामा मात्र हासला नाई. "बसू द्या सर्व्यायले," म्हने. "नामा, नळी."

परत मधातून बाहेर, समोरासमोर. एकदम बारा नाई, पयले दहा, मंग अकरा, मंग बारा. कौसीबाई आता वरडत नोती, देवाचं नाव घेतल्यासारखं हळू हळू सांगून राहिली होती. दरेक बोल्ट झाला का मामा टुक करे अन् ऐके. मलेबी ऐकू आलं. खरं सांगतो, माह्यासारख्या रिकाम्या डोक्यालेबी ऐकू आलं. पयले आवाज "ठुक" होता, आता "टिंग" निंगाला. शेवटच्या बोल्टावर मामानं हातोडी खिशात टाकली. "बोलला," म्हने.

जीप सुरू केली. तापू देल्ली. लय येळ तापू देल्ली. मामानं हेडच्या कडंनं बोट फिरवलं, पूरा गोल, अन् ते बोट नेऊन मामीसमोर धरलं.

मामीनं बोट पाह्यलं. कोरडं.

"हात धुऊन या," मामी म्हने. "जेवाले वाढतो."

दुसऱ्या सकाळी मामानं थंड्या इंजिनावर परत एक फेरा मारला. म्हने, तबलाबी एकदा तापला का जरासा उतरते, त्याले परत इचारा लागते. अन् फेरा झाल्यावर आरसा घेऊन आंगनात बसला, मिशीले रंग लावाले. मी समजलो, हेड बसलं.

त्या हेडले मंग कोनीच हात लावला नाई. जीप लय वर्सं चालली. बाळंतिनी नेल्या, नाटकाचे पडदे नेले, एकदा तं कबाडीवाल्याची बिघडलेली गाडीबी दोर बांधून वढत नेली, अन् मामानं ते गाडी मुद्दाम मामीच्या दारासमोरून नेली. कौसीबाईनं नवा काटा घेतला अन् भाव वाढवला. लोकायनं गुमान देल्ला. मामा गेल्यावर खाटेवर त्याच्या उशाशी हातोडी होती म्हनते. मी तवा गावात नोतो, मिलच्या कामानं बाहेर होतो. म्हनून माह्याजवळचा मामा कधी म्हातारा, आजारी झालाच नाई. माह्याजवळचा मामा त्या दसऱ्याच्या सकाळचा हाये.

आमच्या गावाबाहेर तलावाची पाळ हाये. गाडीरस्ता पाळीवरून जाते, अन् तथीचा चढ असा का भरली बैलबंडीबी दम घेते. याच चढावर जीप दरवेळी उकळे. बुड्यायनं जीप इतकी भरली होती का मले जागा नोती. म्हनून मी पयलेच पळत पाळीवर जाऊन उभा राहिलो, एक मोठा गोटा उचलून. गाडी मागं सरकली तं चाकाखाली टाकाले. मले वाटलं, मोक्याच्या जागी मोक्याचा मानूस पायजे.

जीप आली. खालतं दिसली, धानाच्या हिरव्या-पिवळ्या बांध्यायच्या मधातून. मामा समोर, खाकी पँट, धुतलेला शर्ट. बाजूले मामी, पांढऱ्या लुगड्यात, जीप तिच्या बापानं आंदनात देल्ली असावी अशी ताठ बसलेली. मागं सारं पांढरंच पांढरं, बुड्यायचं. चढाले लागली. मी गोटा छातीशी धरला. इंजिनाचा आवाज भारी झाला, अजून भारी झाला, पन तुटला नाई. मामाचा एक हात स्टेरिंगवर, दुसरा खिडकीतून बाहेर, दाराच्या पत्र्यावर ठेका देऊन राहिला. धूर नाई. वाफ नाई. मधातच बुड्यायनं "जय भीम" असं वरडलं का तलावातले बगळे उडाले. अन् जीप माह्या बाजूनं निंगून पाळीवर चढली. थांबली नाई, माह्यासाठीबी थांबली नाई. मामानं मान जराशी तिरपी केली होती, ऐकासाठी. त्याचं लक्ष माह्याकडं नोतं, बुड्यायकडं नोतं, थो हेड ऐकून राहिला होता. पाळीच्या वरतं त्यानं गेर बदलला, अन् नागपूरच्या रस्त्याले लागला, अन् मले फकस्त त्याचा पत्र्यावरचा हात दिसत राहिला, ठेका देत, लहान लहान होत.

गोटा दोनी हातानं डोक्याच्या वरतं उचलला अन् मी बोंबललो, "पाह्य रे! पाह्य! हे बोल्ट या हातानं कसले हायेत! या हातानं!"

मागून एक बुडा म्हशी घेऊन येऊन राहिला होता. थो थांबला, माह्याकडं पाह्यलं, थुकला, अन् म्हने, "गोटा खाली ठेव बे, अन् बाजूले हो. म्हशी बुजते तुह्यानं."